‘दीवार’ : गोदीतला हप्ता आणि फूटपाथवरचे बालपण

‘दीवार’ हा यश चोप्रा दिग्दर्शित हिंदी चित्रपट २४ जानेवारी १९७५ रोजी प्रदर्शित झाला. गुलशन राय यांच्या त्रिमूर्ती फिल्म्सने त्याची निर्मिती केली होती. कथा, पटकथा व संवाद सलीम-जावेद या जोडीचे, गीते साहिर लुधियानवी यांची आणि संगीत राहुलदेव बर्मन यांचे होते. अमिताभ बच्चन, शशी कपूर, निरुपा रॉय, परवीन बाबी आणि नीतू सिंग यांच्या प्रमुख भूमिका असून इफ्तेखार व मदन पुरी यांनी मुंबईच्या बंदरावर सत्ता गाजवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी तस्करांच्या भूमिका केल्या आहेत.

एक भाऊ तस्कर, दुसरा पोलीस अधिकारी आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली आई, अशी या चित्रपटाची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. ‘दीवार’चे मूळ कुटुंबाइतकेच कामगारांच्या जगात आहे. खाणीतला एक मोडलेला संप, फूटपाथवर काढलेले बालपण आणि गोदीत दर आठवड्याला हमालांकडून वसूल होणारा हप्ता या तीन गोष्टींतून त्याची कथा उभी राहते. बंदरावरील गुंडगिरी आणि रस्त्यावर वाढणारी मुले या विषयांवर जगभर चित्रपट निघाले. भारतात त्या विषयाला मिळालेले सर्वांत ठसठशीत रूप म्हणून ‘दीवार’कडे पाहावे लागते.

कथानक

आनंद वर्मा (सत्येन कप्पू) हा कोळसा खाणीतील कामगारांचा प्रामाणिक पुढारी. संप ऐन भरात असताना खाणमालक त्याची पत्नी व दोन मुले यांना ओलीस धरतो आणि कामगारांच्या मागण्यांवर पाणी सोडणाऱ्या करारावर त्याच्याकडून सही करून घेतो. ज्या कामगारांनी त्याला डोक्यावर घेतले होते तेच त्याला गद्दार ठरवतात. अपमान असह्य होऊन तो परागंदा होतो. संतापलेले लोक त्याच्या थोरल्या मुलाला, विजयला पकडतात आणि आपला बाप चोर असल्याचे वाक्य त्याच्या हातावर गोंदवतात.

आई सुमित्रा दोन्ही मुलांना घेऊन मुंबईला येते. एका पुलाखाली त्यांचा संसार सुरू होतो. ती इमारतीच्या कामावर पाट्या-विटा वाहते. विजय बूटपॉलिश करू लागतो, तो धाकट्या रवीला शाळेत जाता यावे म्हणून. पुढे विजय गोदीत हमाल होतो आणि सुशिक्षित रवी नोकरीसाठी दारोदार फिरतो.

गोदीत सामंत या तस्कराचे गुंड पगाराच्या दिवशी प्रत्येक हमालाकडून हप्ता घेतात. नव्याने कामाला लागलेला एक हमाल नकार देतो आणि जिवाला मुकतो. त्यानंतर विजय नकार देतो. गुंड त्याला गोदीभर शोधत असतात आणि तो त्यांच्याच गुदामात त्यांची वाट पाहत बसलेला असतो. आतून दार लावून तो एकट्याने त्यांना लोळवतो. ही बातमी सामंतचा प्रतिस्पर्धी दावर याच्या कानावर जाते. दावर त्याला आपल्याकडे ओढतो आणि कालचा हमाल सोन्याच्या तस्करीत वर चढत जातो.

दरम्यान रवी पोलीस खात्यात दाखल होतो. त्याच्यासमोर येणाऱ्या गुन्हेगारांच्या यादीत थोरल्या भावाचे नाव असते. आई सत्य कळताच विजयचे घर सोडून रवीबरोबर जाते. विजयच्या मुलाची आई होणारी अनिता सामंतच्या माणसांच्या हातून मारली जाते, सूडापोटी विजय सामंतला ठार करतो आणि अखेर रवीच्या गोळीने जखमी होऊन देवळात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. ही सारी कथा एका सत्कार समारंभाच्या चौकटीत सांगितली आहे. रवीला मिळालेले पदक त्याच्या आईच्या हाती देण्यात येते आणि त्या पदकाची किंमत काय होती, हे चित्रपट मागे वळून सांगतो.

गोदी, मुकादम आणि हप्ता

गोदीच्या प्रसंगांचे मर्म कळण्यासाठी बंदरातील मजुरीची रीत ठाऊक असणे आवश्यक आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली. १८७५ मध्ये ससून गोदी आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली, त्यानंतर व्हिक्टोरिया गोदी आली आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी तयार झाली. तीच पुढे इंदिरा गोदी या नावाने ओळखली जाऊ लागली. या गोद्यांच्या वैभवामागे कापसाचा मोठा वाटा होता. खानदेशातील जिन-प्रेसमध्ये बांधलेल्या कापसाच्या गाठी जळगाव, धुळे, चाळीसगाव भागातून रेल्वेने मुंबईला जात आणि तेथून परदेशी जहाजांवर चढत. शेतातून निघालेला कापूस बोटीपर्यंत पोहोचेतो त्याला वाटेत अनेक हमालांच्या पाठी लागत.

बंदरातील काम मुळात अनियमित असते. आज चार जहाजे लागतील, उद्या एकही नाही. जहाज धक्क्यावर जितका वेळ उभे राहील तितका मालकाचा खर्च वाढतो, म्हणून माल उतरवण्याची घाई असते. दुसरीकडे, दरवाजाबाहेर कामाची वाट पाहणारी माणसे गरजेपेक्षा नेहमीच जास्त असतात. अशा ठिकाणी आज कोणाला आत घ्यायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळी सत्ता एकवटते. टोळ्या बांधून मजूर पुरवणारा मुकादम या व्यवस्थेतून निर्माण झाला. मजुरीतील वाटा, उसनवारीवरचे व्याज, कामाच्या बदल्यात दस्तुरी असे वसुलीचे अनेक मार्ग त्यातून निघाले. हप्तेबाज गुंड हा त्याच व्यवस्थेचा पुढचा टप्पा. तो ना काम देतो, ना उसने पैसे. तो केवळ मार न देण्याचे पैसे घेतो.

ही रोजंदारीची अनिश्चितता मोडून काढण्यासाठी १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार मुंबईत गोदी कामगारांसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. कामगारांची नोंदणी, पाळीपाळीने कामाचे वाटप आणि काम नसलेल्या दिवसांसाठीही काही किमान रक्कम, अशी ती योजना होती. तिच्यामागे कामगार संघटनांचा रेटा होता. गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांचे नाव आजही बंदराला लागून जाणाऱ्या रस्त्याला आहे. बाजारपेठा व वखारींतील ओझे वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या लढ्यानंतर महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालक आणि हमाल यांच्यामध्ये मुकादमाऐवजी मंडळ आणणे, हे या दोन्ही कायद्यांचे समान सूत्र होते.

चित्रपटातील गोदीत नसलेली गोष्ट

या इतिहासाच्या उजेडात ‘दीवार’ पाहिला की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यातील गोदीत गुंड आहेत, हमाल आहेत, पगार वाटणारी खिडकी आहे. परंतु युनियन नाही. ज्या बंदरात देशातील बळकट कामगार संघटनांपैकी काही वाढल्या, त्या बंदरावरील चित्रपटात संघटनेचे नावही निघत नाही.

ही उणीव केवळ विस्मरणातून आलेली नसावी. चित्रपटाची सुरुवातच एका कामगार पुढाऱ्याच्या पराभवाने होते. आनंद वर्मा भ्रष्ट नाही, भित्राही नाही. मालकाने त्याच्यापुढे टाकलेली निवडच अशी आहे की, कोणत्याही बाजूने तो हरणारच. आणि ज्यांच्यासाठी तो लढला, तेच त्याच्या मुलाच्या हातावर शिक्का मारतात. समूहावरचा विश्वास विजयच्या मनातून त्या दिवशीच जळून जातो. म्हणून रहीमचाचा हा वृद्ध हमाल इतक्या वर्षांचा शिरस्ता सांगून त्याला समजावू पाहतो, तेव्हा विजय सोबत्यांची बैठक घेत नाही. पुढच्या पगाराला आणखी एक हमाल हप्ता देण्यास नकार देईल, एवढेच तो शांतपणे सांगतो. बापाने सर्वांच्या वतीने मागितले आणि तो संपला. मुलगा स्वतःपुरते नाकारतो आणि जिंकतो. या विजयाचे फलित काय, तर हमालांची सुटका होण्याऐवजी त्यांच्यातील सर्वांत धाडसी माणूस एका तस्कराकडून दुसऱ्या तस्कराच्या पदरी जातो. चित्रपटगृहात शिट्ट्या मिळवणाऱ्या त्या गुदामातील मारामारीच्या पोटात हा पराभव दडलेला आहे.

१९७५ च्या प्रेक्षकाला हे सांगण्याची गरज नव्हती. आदल्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील देशव्यापी रेल्वे संप सरकारने मोडून काढला होता. फर्नांडिस यांची कामगार चळवळीतील जडणघडण मुंबईतच, डिमेलो यांच्या सहवासात झाली होती. महागाई, टंचाई आणि बेकारी यांनी गांजलेल्या त्या काळात एकट्याने दार लावून हिशेब चुकता करणारा नायक लोकांना आपला वाटला, यात नवल नव्हते.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर

बंदरावरील टोळ्यांचा चित्रपटांतील इतिहास अमेरिकेत अधिक जुना आहे. पत्रकार माल्कम जॉन्सन यांनी ‘न्यूयॉर्क सन’ या दैनिकात १९४८ मध्ये तेथील धक्क्यांवरील गुन्हेगारीवर लेखमाला लिहिली आणि १९४९ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. एलिया कझान दिग्दर्शित ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) या चित्रपटाचे बीज त्या लेखमालेत होते. मार्लन ब्रँडो यांनी त्यात धक्क्यावरील माजी मुष्टियोद्ध्याची भूमिका केली आणि चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यात वस्तीतील किशोरवयीन मुलांची एक टोळी आहे. नायक हा या मुलांचे दैवत असतो. तो गुंडांविरुद्ध साक्ष देतो तेव्हा त्यांच्यातीलच एक मुलगा त्याला फितूर समजून त्याची जिवापाड जपलेली कबुतरे मारून टाकतो. मोठ्यांच्या गुन्हेगारीचे नीतिनियम मुले किती लवकर आत्मसात करतात, हे त्या एका प्रसंगात कळते.

याच वाटेवरचा, तुलनेने कमी खर्चात काढलेला चित्रपट म्हणजे फ्रेड सिअर्स दिग्दर्शित ‘रम्बल ऑन द डॉक्स’ (१९५६). जेम्स डॅरेन या तरुण अभिनेत्याचा तो पहिला चित्रपट. रस्त्यावरील किशोरांच्या टोळ्या आणि धक्क्यावर दहशत गाजवणारा गुंड या दोन जगांना त्याने एकत्र बांधले. त्यातील मुलगा बापापासून दुरावतो आणि त्या गुंडाकडे ओढला जातो. बापाच्या जागी एक धनाढ्य गुन्हेगार येणे हे सूत्र ‘दीवार’मध्येही आहे. विजय आणि दावर यांचे नाते नेमके तेच आहे.

साम्याहून फरक अधिक बोलका आहे. अमेरिकी चित्रपटांत संघटनाच गुंडांच्या ताब्यात गेलेली असते आणि न्यायासाठी नायकाने कायद्यापुढे उभे राहून बोलणे, हा मुक्तीचा मार्ग ठरतो. ‘दीवार’मध्ये संघटना मालकाने मोडली आहे आणि त्या रिकाम्या जागी गुंड आले आहेत. विजयला साक्ष द्यायला, जबाब लिहून द्यायला सांगितले जाते तेव्हा तो ठाम नकार देतो. आपल्या हातावर ज्याने ते शब्द गोंदले, आईला ज्याने कामावरून हाकलले, बापाकडून ज्याने सही घेतली, त्या सगळ्यांच्या सह्या आधी आणा, असा त्याचा रवीला सवाल असतो. बापाने दबावाखाली केलेली एक सही हे त्या घराच्या दुर्दैवाचे मूळ होते, हे लक्षात घेतले तर हा नकार केवळ उद्दामपणाचा राहत नाही. त्याच वेळी चित्रपट त्याला योग्यही ठरवत नाही. समोर उभा असलेला रवी त्याच दारिद्र्यातून आला आहे आणि तरीही वेगळा वागतो.

फूटपाथ, शाळा आणि पाव

‘दीवार’मध्ये बालपण भरपूर आहे, तारुण्यही आहे, परंतु कुमारवय पडद्यावर येतच नाही. आई धाकट्याला घेऊन देवळात जाते, थोरला पायऱ्यांपाशीच थांबतो, आणि तेथून चित्रपट एकदम काही वर्षे पुढे जातो. मधली वर्षे, म्हणजे ज्या वयात मुलगा टोळीत शिरतो किंवा शिरत नाही, ती प्रेक्षकाने स्वतः भरून काढायची आहेत. त्यांची सामग्री मात्र आधीच्या प्रसंगांत आहे.

त्यातील पहिला प्रसंग बूटपॉलिशचा. गाडीतून उतरलेल्या श्रीमंत माणसाचे बूट छोटा विजय चकाकवून देतो. पैसे त्याच्या अंगावर फेकले जातात. तो ते उचलत नाही. आपण काम केले आहे, भीक मागितलेली नाही. पैसे हातात द्या, असे तो बजावतो. तो माणूस म्हणजे दावर. या मुलात दूरची मजल मारणारे पाणी आहे, हे तो तत्काळ ओळखतो. ज्या गुणावर एखाद्या शिक्षकाची नजर पडायला हवी होती, त्या गुणावर तस्कराची नजर पडते. पुढे दावरच्या टेबलावरचे पैसे स्वीकारताना तरुण विजय त्याला याच प्रसंगाची आठवण देतो.

दुसरा प्रसंग पावाचा. पोलीस अधिकारी झालेला रवी पळून जाणाऱ्या एका चोरावर गोळी झाडतो. जवळ जाऊन पाहतो तर तो कोवळ्या वयाचा मुलगा आहे आणि त्याने चोरलेला ऐवज म्हणजे पाव. अपराधी भावनेने रवी त्याच्या घरी खाण्याचे जिन्नस घेऊन जातो. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक (ए. के. हनगल) असतात. आई रवीवर संतापते. लाखोंचा माल दडवणारे मोकळे फिरतात आणि गोळी उपाशी मुलावर झाडली जाते, असा तिचा आक्रोश असतो. बाप मात्र चोरी ती चोरीच, रकमेने तिचे स्वरूप बदलत नाही, असे म्हणतो. भावाविरुद्ध कारवाई करण्याचा रवीचा निर्धार या घरातून पक्का होऊन येतो. लेखकांनी येथे हातचे राखून ठेवलेले नाही. आईचे म्हणणे खोडून न काढताच त्यांनी बापाचे म्हणणे मांडले आहे. दोन्ही वाक्ये खरी असल्यामुळेच पुढची शोकांतिका अटळ होते.

या दोन मुलांच्या मध्ये रवी उभा आहे. शाळेची फी कोणीतरी भरली, एवढाच त्याच्या आणि त्यांच्या नशिबातला फरक. ती फी बूटपॉलिशच्या पैशांतून आली होती. कायद्याचा रक्षक कायद्याबाहेर गेलेल्या भावाच्या कमाईवर घडला, ही कोंडी चित्रपट कोठेही मोठ्याने सांगत नाही, पण शेवटपर्यंत सुटूही देत नाही.

बिल्ला क्रमांक ७८६

गोदीतील हमालाच्या दंडावर क्रमांकाचा पितळी बिल्ला असतो. विजयच्या बिल्ल्याचा क्रमांक आहे ७८६. मुस्लिम परंपरेत हा अंक ‘बिस्मिल्ला’चे प्रतीक म्हणून पवित्र मानला जातो, हे त्याला रहीमचाचा समजावून सांगतो. देवळाची पायरी न चढणारा हा नास्तिक तरुण तो बिल्ला मात्र जिवापाड जपतो. एका गोळीपासून तो त्याला वाचवतोही. अखेरच्या पाठलागात तो हातातून निसटतो आणि त्याबरोबर विजयचे नशीबही.

हा बिल्ला म्हणजे श्रद्धेची खूण आहे, तशीच ती कामाचीही खूण आहे. विजयच्या अंगावर दोन लिखाणे आहेत. एक हातावर गोंदलेले, जे इतरांनी त्याच्यावर लादले आणि जे पुसता येत नाही. दुसरे बिल्ल्यावरचे, जे त्याने घाम गाळून मिळवले आणि जे हरवू शकते. उंची सूट घालू लागल्यावरही तो गोदीचा बिल्ला खिशात बाळगतो. प्रामाणिक मजुरीच्या दिवसांशी असलेला त्याचा तो शेवटचा धागा आहे.

सोने, तस्करी आणि हाजी मस्तान

दावर आणि सामंत यांचा धंदा समजण्यासाठी त्या काळची सोन्याची स्थिती लक्षात घ्यावी लागते. सोन्याच्या आयातीवर बंधने होती. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. मागणी मात्र लग्नसराईच्या देशात कमी होणारी नव्हती. देशातील आणि बाहेरील भावांत पडलेली तफावत हेच तस्करीचे भांडवल होते. सोन्याबरोबर घड्याळे, ट्रान्झिस्टर, परदेशी कापड यांचीही चोरटी आयात होई. बंदराच्या खाचाखोचा ठाऊक असलेली माणसे या धंद्यात मोलाची ठरत. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि पुढे आयातीची दारे सैल झाली, तसे या धंद्याचे जुने स्वरूप ओसरले.

विजयचे पात्र हाजी मस्तान यांच्यावरून बेतले असल्याचे मानले जाते. तमिळनाडूतून लहानपणी मुंबईत आलेले मस्तान गोदीत हमाली करत होते आणि तेथून ते तस्करीत शिरले. साम्य येथवरच आहे. मस्तान यांना पुढे स्थानबद्धता भोगावी लागली, त्यानंतर ते राजकारणात उतरले आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. विजयचा बाप, त्याच्या हातावरचे गोंदण आणि त्याचा भाऊ हे सारे लेखकांचे आहे. चित्रपट पडद्यावर आला ती वेळही बोलकी होती. १९७४ च्या उत्तरार्धात सरकारने तस्करांची धरपकड केली होती आणि डिसेंबरमध्ये परकीय चलन संरक्षण व तस्करी प्रतिबंधाचा ‘कॉफेपोसा’ कायदा संमत झाला होता. तस्करांची नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर असतानाच ‘दीवार’ झळकला. प्रदर्शनानंतर पाच महिन्यांनी देशात आणीबाणी जाहीर झाली.

पूर्वसूरी

दोन भावांची आणि न्यायनिष्ठ आईची कथा हिंदी चित्रपटाला नवी नव्हती. ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये आई स्वतःच बंडखोर मुलावर गोळी झाडते. ‘गंगा जमुना’ (१९६१) मध्ये एक भाऊ दरोडेखोर आणि दुसरा पोलीस असतो. या दोन्ही चित्रपटांचे ऋण सलीम-जावेद यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यांनी केलेला बदल स्थळाचा होता. शेत आणि खेडे यांच्या जागी पूल, फूटपाथ आणि गोदी आली. सावकाराच्या जागी हप्ता घेणारा गुंड आला.

गुन्हेगारीच्या वाटेला लागणारे मूल राज कपूर यांच्या ‘आवारा’ने (१९५१) आधीच दाखवले होते. त्यांच्याच संस्थेच्या ‘बूट पॉलिश’मध्ये (१९५४) रस्त्यावरची भावंडे भीक मागण्यापेक्षा कष्टाचा पैसा पसंत करतात. छोट्या विजयचा बाणा थेट त्या परंपरेतला. गुरुदत्त यांच्या ‘जाल’मध्ये (१९५२) गोव्याच्या किनाऱ्यावरचा सोन्याचा तस्कर होता. पन्नाशीच्या दशकातील या चित्रपटांत शेवटी सुधारणेची आशा असे. ‘दीवार’मध्ये ती आशा मावळलेली आहे.

अभिनय आणि मांडणी

विजयच्या तोंडी या चित्रपटात एकही गाणे नाही. त्या काळच्या हिंदी नायकाच्या बाबतीत हे धाडसच होते. बच्चन यांनी ही भूमिका बहुतांशी दबक्या आवाजात आणि नजरेने केली आहे. ‘जंजीर’ने (१९७३) त्यांना दिलेल्या रागीट तरुणाच्या प्रतिमेला येथे इतिहास आणि कारण मिळाले. हमालाच्या वेशातील निळा सदरा त्यांनी कमरेशी गाठ मारून घातला, तो शिवून आला तेव्हा वाजवीपेक्षा लांब होता म्हणून, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ती गाठ तरुणांनी लगेच उचलली.

शशी कपूर वयाने बच्चन यांच्यापेक्षा मोठे असूनही धाकट्या भावाच्या भूमिकेत शोभून दिसले. संपत्तीची यादी वाचणाऱ्या भावाला, आई आपल्यापाशी आहे एवढेच उत्तर देणारा प्रसंग त्यांनी आवाज न चढवता केला. त्यामुळेच तो पुढे म्हणीसारखा लोकांच्या बोलण्यात रुळला. छोट्या विजयची भूमिका मास्टर अलंकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अलंकार जोशी या मराठी बालकलाकाराने केली. अभिनेत्री पल्लवी जोशी या त्याच्या भगिनी. त्याच्या चेहऱ्यावरचा घुमेपणा एवढा नेमका होता की, त्याच्या जागी बच्चन येतात तेव्हा दोन नटांमधला सांधा जाणवत नाही.

निरुपा रॉय यांची सुमित्रा ही हिंदी चित्रपटातील सोशिक आईची प्रतिमा मानली जाते. तिच्यात सोशिकपणाइतकाच करारीपणा आहे. कर्तव्यावर निघालेल्या रवीच्या हाती ती स्वतः पिस्तूल देते, त्याचा हात कापू नये म्हणून आशीर्वाद देते, आणि मग विजयची वाट पाहण्यासाठी देवळाकडे निघते. अधिकारी मुलाची आई आणि गुन्हेगार मुलाची आई या दोन्ही जबाबदाऱ्या ती एकाच रात्री पार पाडते.

गौरव आणि प्रभाव

‘दीवार’ला तिकीट खिडकीवर मोठे यश मिळाले. ‘शोले’ही १९७५ चाच, १५ ऑगस्टचा. तथापि त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि संवाद हे मान ‘दीवार’कडे गेले. सहायक अभिनेत्याचा पुरस्कार शशी कपूर यांना मिळाला. चित्रपटाच्या तेलुगू (‘मगाडू’, १९७६) आणि तमिळ (‘ती’, १९८१) आवृत्त्या निघाल्या. तमिळमध्ये बच्चन यांची भूमिका रजनीकांत यांनी केली. हाँगकाँगमध्येही १९७९ मध्ये त्याचे रूपांतर झाले.

नंतरच्या मुंबईपटांवर त्याची छाया आहे. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांचे जे वय ‘दीवार’ने वगळले, त्यावर मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) काढला. ‘परिंदा’त (१९८९) पुन्हा दोन भाऊ आणि टोळी आली. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) चाळीतला मराठी मुलगा गुन्हेगारीत शिरतो आणि अखेर आईच त्याच्यावर गोळी झाडते. ‘मदर इंडिया’पासून निघालेले वर्तुळ तेथे पूर्ण होते.

गोदी मात्र बदलली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पाठीवरच्या गोणीची जागा कंटेनरने घेतली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या भराव टाकून बुजवण्यात आल्या. यारीच्या एका फेरीत आता जेवढा माल हलतो, तेवढ्यासाठी पूर्वी हमालांच्या टोळ्या दिवसभर राबत. रोजंदारीवर बसलेली माणसे आणि त्यांच्या मजुरीवर डोळा ठेवणारे मध्यस्थ मात्र बंदराबरोबर संपले नाहीत. मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणाऱ्या, बाजार समितीत पोते उचलणाऱ्या किंवा ठेकेदाराच्या वहीत अंगठा देणाऱ्या माणसाला, पगाराच्या खिडकीसमोरचा तो प्रसंग आजही वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘दीवार’ने त्या खिडकीसमोरच्या रांगेतून एकच माणूस बाहेर काढला आणि त्याचे काय झाले ते दाखवले. रांगेत उरलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न त्याने प्रेक्षकांवर सोपवला आहे.